पाणकावळ्याची भाजी

हाड लगेच बोलत नाही.
हिरडी लगेच सुजते, कातडी लगेच काळीनिळी पडते,
हाडाचा कारभार सरकारी :
निरोप पोचायला आठवडे, उत्तराला महिने.

ओड्नी दिव्याखाली धरते कवटी
दोन्ही हातांनी, गरम भांडं धरावं तशी.
आइसलंडच्या उत्तरेला, समुद्राकाठच्या
एका बुजलेल्या चर्चच्या अंगणातली.
नऊशे वर्षं, थोडं इकडेतिकडे.
पेटी क्रमांक एकतीस.
पहिली कायमची दाढ अजून जबड्याच्या आतच,
उगवायची वाट बघत थांबलेली.
म्हणजे पाच वर्षं, फार तर सहा.
मुलगा की मुलगी, या वयात हाड सांगत नाही.

कानशिलाच्या आत, डोळ्यांच्या मागे
एक हाड असतं पंख पसरलेलं.
दोन्ही पंखांवर बारीक भोकं,
आंबोळीला जाळी पडावी तशी.
काउरी, तिचा विद्यार्थी, भिंग सरकवतो.
"रक्तक्षय?"
"मग खोबणीचं छत जाड लागलं असतं. बोट लाव."
"मुडदूस?"
"पाय सरळ आहेत की."
"संसर्ग?"
"दोन्ही बाजूंना, इतका मोजूनमापून?"

इथून जातो चावण्याचा स्नायू.
शिरा कच्च्या झाल्या असतील
तर प्रत्येक घासाला आत थोडं रक्त झिरपतं.
वाळवलेला मासा, चामड्यासारखा,
दातांत धरून ओढायचा.
आणि त्या मार्चात दुसरं काही नसणार.

स्कर्वी. काउरी लिहायला घेतो.
"थांब," ओड्नी म्हणते, "अजून अर्धंच झालंय."

नवं हाड रचायलासुद्धा तेच लागतं
जे नसल्यामुळे माणूस आजारी पडतो.
ते मुळीच नसेल
तर हाडाजवळ लिहायला शाईच नसते.
हा रवाळ थर, ही जाळी,
हे दुखणं नव्हे,
दुखण्यानंतरची डागडुजी.
म्हणजे कुणीतरी काहीतरी हिरवं आणलं होतं.

खडकांच्या फटींत, पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतावर
बर्फ सरकल्या सरकल्या एक पालेभाजी उगवते.
स्कार्वाकाउल. पाणकावळ्याची भाजी.
मोहरीसारखी झणझणीत, वरून खारट.
पोरं थुंकतात.
या पोरानं थुंकली नसावी.
किंवा थुंकली, पण सगळी नाही.

"मग मेलं कशानं?"
ते पेटीत नाही.

पेटी बत्तीस. त्याच खड्ड्यातली, डाव्या अंगाची.
बाई, तिशीच्या आतली.
तिचं तेच हाड गुळगुळीत, धुतलेल्या बशीसारखं.
"ही तरी धडधाकट होती," काउरी म्हणतो.
ओड्नी बशी उजेडात फिरवते, पुन्हा फिरवते.
कोऱ्या पाटीचे दोन अर्थ होतात.
सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं,
किंवा पेन्सिल मिळायच्या आत हात थांबला.

काउरीच्या लक्षात यायला वेळ लागतो.
मग तो हळूच :
"म्हणजे पानं हिनं स्वतः न खाता..."
"ते लिहू नकोस."
"पण तसं असू शकतं ना?"
"शेजारी पुरलेली बाई आई असेलच असं नाही.
आणि आई असली तरी."

वाक्य ती पुरं करत नाही.
तक्त्यात एकतीसपुढे : स्कर्वी, संभाव्य, भरून येत असलेली.
बत्तीसपुढे काउरीनं लिहिलंय, निरोगी.
ती खोडते. लिहिते, खुणा नाहीत.
खोडलेला शब्द तरी वाचता येतो.

संध्याकाळ, म्हणायला. मे महिन्यात इथं अंधार पडत नाही.
घरी जाताना ती गाडी कडेला लावते,
निसरड्या खडकांवर चार पावलं उतरते,
एक पान खुडते, बाहीला पुसते.
कानशिलावर दोन बोटं ठेवून
चावत राहते.
बोटांखाली स्नायू हलतो,
थांबतो,
हलतो.